पाठ बंद असलेली अंगठी

अक्का, आधी बातमी ऐक, मग बाकीचं. बापूशेठला काल मी गुजरीतल्या साऱ्या सराफांसमोर उघडा पाडला. तुझ्याच शोकसभेत, तुझ्या हार घातलेल्या फोटोच्या पुढ्यात. तू असतीस तर दंड धरून मला खाली बसवलं असतंस. "मेल्या माणसाच्या जागी तमाशा करतीस व्हय?" म्हणाली असतीस. पण तू नाहीस. तुला जाऊन आज चौदा दिवस झाले आणि मला अडवायला या घरात आता कुणी उरलेलं नाही.

सगळे सांगतात, गेलेल्या माणसाच्या मागं मनात राग ठेवू नये, त्याच्या जिवाला शांती मिळत नाही. मला ठेवायचाय. बापूशेठवर तर आहेच, जन्मभर राहील. आणि तुझ्यावरही आहे. तो कशाचा ते शेवटी सांगते, आत्ताच सांगितलं तर पुढचं लिहिता यायचं नाही.

आपली ती जिन्यावरची खोली आहे तशीच आहे. तुझं स्टूल, तुझा सूक्ष्मदर्शक, चिमटे, तो जांभळा दिवा. पाटी तेवढी नाही, ती तूच काढलीस. पंचवीस वर्षं 'खडे तपासून मिळतील' एवढ्या तीन शब्दांवर आपण दोघी बहिणी जगलो. बाबा आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुकानात मान खाली घालून खडे बसवत राहिले. तू जयपूरला जाऊन शिकून आलीस आणि गुजरीतली पहिली बाई झालीस, जिच्यापुढं सराफ मान खाली घालून बसायचे. सुरुवातीला हसले मेले. "बाई काय खडे बघणार, भाजीतले?" असं एकजण तोंडावर म्हणाला होता. दोन वर्षांनी तोच तुझ्या जिन्यात चपला काढून उभा राहायचा.

मला तू शिकवलंस ते मारून मुटकून. आठवतंय, पहिल्या दिवशी माझ्यापुढं दोन लाल खडे ठेवलेस आणि म्हणालीस, "ह्यातलं माणिक कुठलं, सांग." मी जास्त लाल होता तो उचलला. तू माझ्या डोक्यात टपली मारलीस. "रंगाला भुलतीस? लग्नाचा नवरा बघायलाईस काय? आत बघ, आत." मग भिंगाखाली दाखवलंस. कारखान्यात बनवलेल्या माणकात रेघा गोलाईनं वाकलेल्या असतात, जमिनीतल्या माणकात सरळ, एकमेकींना कोन करून. खऱ्यात रेशमासारखे बारीक धागे असतात, भट्टी दिली, म्हणजे खडा तापवला, की ते तुटतात. बर्माचं माणिक जांभळ्या दिव्याखाली निखाऱ्यासारखं पेटतं, थायलंडचं मलूल राहतं. हे सगळं मी वहीत उतरवून घेत होते तेव्हा तू वही मिटलीस. "लिहून काय करतीस, बघ की."

आणि किती हसायचो गं आपण. कागलच्या एमआयडीसीतला तो साहेब आठव. त्याचा नीलम साधी निळी काच निघाला तर रडवेला होऊन म्हणाला, "पण मॅडम, ह्यो घातल्यावरच माझी बढती झाली!" तू शांतपणे अंगठी त्याच्या हातात दिलीस. "मग रोज सकाळी काचंला नमस्कार करा. फक्त नीलम म्हणून कुणाला इकू नका." तो गेल्यावर आपण पोट धरून हसलो.

भट्टी दिलेल्या खड्यांवर तू कधी नाक मुरडलं नाहीस. पन्न्याला तेल पाजतात, पुष्कराजाला तापवून रंग चढवतात, माणकाच्या भेगा भरतात. तू म्हणायचीस, खड्याला औषधपाणी केलं म्हणून खडा खोटा होत न्हाय, ते लपवणारा माणूस खोटा असतोय. तपासणीच्या कार्डावर सगळं लिहायचं. खडा कुठला, त्याला काय केलंय, सगळं. आणि तुझा एकच नियम होता, देवाच्या नियमासारखा. अंगठीची पाठ बंद असेल, खड्याच्या मागं सोन्याचा पत्रा असेल, तर कार्ड द्यायचं नाही. आधी पाठ उघडून आणा म्हणायचं. मागून उजेड आल्याशिवाय खड्याच्या पोटातलं दिसत नाही, हे तू प्रत्येकाला सांगायचीस. रुसून गेलेलं गिऱ्हाईक परत आलं नाही तरी चालेल, म्हणायचीस.

बापूशेठला हा नियम तोंडपाठ होता. वीस वर्षं तू त्याला राखी बांधलीस. आपल्याला सख्खा भाऊ नाही, तर हा मानलेला. दर भाऊबीजेला घरात जेवून जायचा, पांढऱ्या रश्श्याची तिसरी वाटी मागून घ्यायचा. त्याच्या दुकानातला माल आपल्याकडंच तपासायला यायचा. आणि त्यानंच तुझा केसानं गळा कापला.

आता ती शिरोळची मावशी, बापूशेठचं गिऱ्हाईक. तिच्या लेकीच्या लग्नात जावयाला माणकाची अंगठी घातली होती, बापूशेठच्या दुकानातली, सोबत आपलं कार्ड. 'नैसर्गिक माणिक. उपचार आढळला नाही.' खाली तुझी सही. चार महिन्यांत जावयाच्या बोटात ती घट्ट झाली. मावशीनं तिकडच्याच सोनाराकडं वाढवायला दिली. माणिक आगीला भीत नाही हे सोनाराच्या पोराटोरांनाही ठाऊक असतं, त्यामुळं माणिक काढून ठेवायच्या भानगडीत कुणी पडत नाही. त्यानंही खडा न काढता अंगठीला झोत लावला, मग साफ करायला तेजाबात टाकली. बाहेर काढली तर खड्यावर पांढरं जाळं. कोळ्यानं विणल्यासारखं.

भेगांत शिशाची काच भरलेली होती. माणिक खरं होतं, पण चाळणी झालेलं, आणि काचेनं बुजवलेलं. आगीनं आणि तेजाबानं काच खाल्ली आणि खरं रूप बाहेर आलं.

मावशी तुझ्या जिन्यात उभी राहिली आणि तिनं जे तोंड सोडलं ते अख्ख्या गुजरीनं ऐकलं. "बाई, तुमच्या सहीवर इस्वास ठेवला मी! जावयाच्या घरात तोंड दाखवायला जागा न्हाय ऱ्हायली! खोटा खडा घातला म्हनत्यात माझ्या लेकीला! आंधळी हाईस व्हय गं तू?" मी आत स्टुलावर बसले होते. तू दारात उभी. तू तिच्या हातातलं कार्ड घेतलंस, वाचलंस, परत तिच्या हातात दिलंस. माझ्याकडं वळून बघितलंस. मग मावशीला एवढंच म्हणालीस, "सही माझी हाय. चूक माझी."

बापूशेठ त्या दिवशी आपल्या जिन्याकडं फिरकला नाही. पण संध्याकाळपर्यंत गल्लीत त्याचं बोलणं पसरलं. "ताईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं आप्रेशन झालं न्हवं, तवापासून त्यास्नी दिसंना झालंय. मी तरी काय करू? मी कार्डावर भरवसा ठेवला." चोराच्या उलट्या बोंबा! खडा त्याचा, दुकान त्याचं, बिल त्याचं, आणि आंधळी तू.

आणि तू गप्प. आठवड्यात पाटी काढलीस. मी तुझ्याशी किती भांडले. चल सराफांच्या मीटिंगला, बोल, त्याचा माल भिंगाखाली लाव. तू भाजी निवडत बसायचीस. "ऱ्हाऊ दे." म्हणून मी तुला काय काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतंय. मी म्हणाले, "डोळे गेले होते तर सांगायचंस. खुर्ची सोडायची होतीस. माझंही नाव बुडवलंस तू." तू मान वर केली नाहीस. मेथीची जुडी होती. एकेक पान काढत राहिलीस.

पाच महिन्यांत तू गेलीस. डॉक्टर म्हणाले हृदय. मला दोष द्यायला कुणी तरी माणूस हवा होता, आणि बापूशेठचं नाव माझ्या ओठांवर होतंच.

चौथ्या दिवशी मी शिरोळला गेले, मावशीच्या दारात. आधी तिनं मला आत घेतलं नाही. मग तू गेल्याचं कळल्यावर पाणी दिलं. मी म्हणाले, मला बापूशेठला धरायचंय, तुम्ही मदत करा. मावशी तशी मोकळ्या मनाची बाई. म्हणाली, "त्यानं मला बी नागवलंय की. काय करायचं सांग." तिच्या लेकीला बापूशेठच्या दुकानात पाठवायचं ठरलं. त्यानं तिला लग्नाच्या गर्दीत एकदाच बघितलेलं, त्यानं ओळखलं नसतं. आणि पुरावा म्हणून मी तिच्याकडून ते जुनं कार्ड मागून घेतलं.

घरी येऊन कार्डावरचा नंबर आपल्या वहीत शोधला. दर खड्याला एक ओळ, तपासणाऱ्याच्या हातची. तुझा नियम. मला बघायचं होतं की त्या दिवशी तू नेमकं काय लिहिलंस, कुठं चुकलीस.

त्या ओळीतलं अक्षर माझं होतं, अक्का.

'पाठ बंद. वरून पाहिलं. माणिक. ठीक.' माझं वाकडं 'ठ', माझी निळी शाई. तारीख बघितली. तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनचा तो आठवडा. तुझा डोळा पट्टीखाली, लग्नसराईची गर्दी, आणि तू आठ-दहा कोऱ्या कार्डांवर सह्या करून मला दिल्या होत्यास. "तू तपास, मला काळजी न्हाय," म्हणाली होतीस.

मग सगळं आठवलं. बापूशेठ स्वतः आला होता जिना चढून, सात अंगठ्या घेऊन. मी म्हणाले पाठ उघडून आणा. तो हसला. "अगं धाकटे, ताईनं म्हटलं तर गोष्ट येगळी, तिला जुनी सवय हाय. तू तर तिच्यापेक्षा पुढं गेलीस. वरून बघ की, तुला काय अवघड हाय?" आणि मला गुदगुल्या झाल्या. पंचवीस वर्षांत कुणी मला तुझ्यापेक्षा पुढं म्हटलं नव्हतं. मी वरून बघितलं. यंत्रानं माणिक सांगितलं, आणि ते माणिक होतंही. भेगांतली काच मागून उजेड आल्याशिवाय मला दिसली नाही, आणि मला ती बघायचीही नव्हती. सातही अंगठ्यांना मी 'ठीक' लिहिलं. वर स्वतःला शाबासकी म्हणून चहा मागवला.

मावशी आली त्या दिवशी तुला दारातच कळलं होतं. कार्डावरची तारीख बघितलीस आणि वळून माझ्याकडं बघितलंस. नंतर मी तुला आंधळी म्हणाले तेव्हाही तुला सगळं ठाऊक होतं.

दोन दिवस मी जेवले नाही. मग ठरवलं, जायचं तर दोघांनी जायचं. मी बुडणार असेन तर बापूशेठला मानेला धरून बरोबर घेऊन बुडणार. आला अंगावर तर घेतला शिंगावर, असं बाबा म्हणायचे. मला आता फार काही सांभाळायचं नव्हतं.

मावशीच्या लेकीनं अंगठी आणली, बिलासकट. तशीच, पाठ बंद. मी पत्रा काढला, खडा मोकळा केला आणि तुझ्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जरासा हलवला तर भेगेतून निळी ठिणगी चमकली. चपटे बुडबुडे. तू शिकवलं होतंस तसंच सगळं, फारसं शोधावंही लागलं नाही. मग शोकसभेच्या आदल्या दुपारी वाटीत लिंबाचा रस पिळला आणि खडा त्यात टाकून झाकून ठेवला. सकाळी उघडलं तर वर पांढऱ्या रेघा उमटलेल्या. काचेचं तोंड लिंबानं सुद्धा जळतं. मी एकटीच हसले. चौदा दिवसांत पहिल्यांदा.

काल तालमीच्या हॉलमध्ये सगळी गुजरी होती. दोन मिनिटं उभं राहून झालं. बापूशेठ पांढऱ्या कपड्यांत माईकपाशी गेला, डोळ्याला रुमाल लावला. "ताई म्हंजे माझी सख्खी भन. शेवटी शेवटी डोळ्यांनी तिला दगा दिला, पण तिच्या प्रामाणिकपणाला तोड न्हवती." दगा हा शब्द त्यानं वापरला, अक्का. डोळ्यांनी दगा दिला, म्हणे!

माझं नाव पुकारलं तेव्हा मी वाटी घेऊनच उठले. मी भाषण केलं नाही. म्हटलं, "तुमच्या सगळ्यांच्या खिशात भिंगं आहेत. कार्यक्रम संपायच्या आधी एक खडा बघा. कालच्या दुपारपासून लिंबात होता. ह्या अंगठीतला, आणि हे तिचं बिल, परवाचं." आणि वाटी पहिल्या रांगेत दिली.

वाटी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. प्रत्येकानं भिंग काढलं, डोळ्याला लावलं, शेजाऱ्याकडं बघितलं. तिसऱ्या रांगेत जाईपर्यंत बापूशेठच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी टक लावून त्याच्याकडंच बघत होते. मला प्रत्येक क्षण बघायचा होता. कुणाला लाज वाटो न वाटो, मला गोड लागत होतं.

"मला पण माल देणाऱ्यानं फसवलंय मर्दानो!" तो ओरडला. "मी काय खाणीत जाऊन बघतोय व्हय?"

"मग पाठ कशाला बंद केलीस?" मी विचारलं.

"तशीच फॅशन हाय!"

"सात अंगठ्यांची? आणि अक्काचा डोळा झाकलेला असतानाच?"

मग त्यानं तेच काढलं, जे तो काढणार हे मला ठाऊक होतं. बोट माझ्याकडं करून म्हणाला, "शिरोळच्या अंगठीचं कार्ड तुमच्याच दुकानातलं हाय. तपासलं तुम्हीच!"

"व्हय," मी म्हणाले. "मी तपासलं. अक्कानं न्हाय. तिचा डोळा पट्टीखाली होता, वहीत माझं अक्षर आहे, वही इथं आणलीय, कुणीही बघा. पाठ उघडल्याशिवाय कार्ड देऊ नको हा तिचा नियम, तो मी मोडला. ह्यानं गोड बोलून मोडायला लावला, आणि मी मोडला. पंचवीस वर्षांत तिच्या हातून एक खडा चुकला नाही. चुकली ती मी. आंधळी ती नव्हती."

बापूशेठ दारातून बाहेर पडला तेव्हा त्याला कुणी वाट करून दिली नाही, त्याला धक्के खात जावं लागलं. आज सकाळी त्याचं शटर बंद आहे. उरलेल्या सहा अंगठ्या ज्यांनी घेतल्या ते त्याच्या दारात उभे आहेत, आणि त्यातले दोघे माझ्या जिन्यातही येऊन गेले. शिव्या दिल्या, मी ऐकून घेतल्या. माझ्याकडं आता कुणी खडा तपासायला येणार नाही हेही मला कळतंय. त्याचं मला काही वाटत नाही. त्याचं शटर बंद झालेलं बघून वाटलेला आनंद अजून उतरलेला नाही, आणि उतरू नये असं वाटतंय.

पण कालची एक गोष्ट राहिली. हॉल रिकामा होताना मावशी मागच्या रांगेतून पुढं आली. तुझ्या फोटोपुढं उभी राहिली, पदर सावरला, वाकून हात जोडले. "बाई, चुकलं माझं," म्हणाली. मग माझ्याकडं वळली. मला वाटलं ही आता माझी पाठ थोपटेल. इतकं मोठं काम आम्ही दोघींनी मिळून केलं होतं.

"त्या दिवशी जिन्यात मी तिला आंधळी म्हनलं," मावशी म्हणाली. "तुम्ही आत बसला होतासा न्हवं?"

"होते."

"एक शबूद बोलला न्हाईसा."

"मला ठाऊकच नव्हतं, मावशी. अंगठी मी तपासली होती हे मला तेव्हा माहीत नव्हतं."

"तिला हुतं की," मावशी म्हणाली, आणि निघून गेली.

तर आता तुझ्यावरचा राग. तुला ठाऊक होतं आणि तू मेथी निवडत बसलीस. मी तुझ्या डोळ्यांवरून बोलले, खुर्चीवरून बोलले, नाव बुडवलंस म्हणाले, आणि तू ते सगळं ऐकून घेतलंस, संध्याकाळी मला गरम भाकरी वाढलीस. माझ्या चुकीची मला शिक्षा झाली असती, चार महिने तोंड लपवून बसले असते, पण तू असतीस तोवर तुझ्या पाया पडता आलं असतं. तेवढंही तू मला ठेवलं नाहीस. बापूशेठवर मी सूड उगवला, अक्का, तो पुरा झाला. तुझ्यावर कसा उगवू? एकदा तरी वहीतलं ते पान माझ्या तोंडावर फेकायचंस. एकदा तरी माझ्यावर ओरडायचंस गं.